गोपनीय अहवाल

शासकीय कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या कामाबद्दल वरिष्ठाने लिहिलेला अहवाल. त्याचे आजचे अधिकृत नाव ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ असले, तरी कार्यालयांत अजूनही ‘सी.आर.’ (कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट) हाच शब्द चालतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या काळातील कामाबद्दल कर्मचारी आधी स्वतः लिहितो. मग प्रतिवेदन अधिकारी, म्हणजे अहवाल लिहिणारा वरिष्ठ, शेरे आणि प्रतवारी देतो व त्याच्या वरचा पुनर्विलोकन अधिकारी ती कायम करतो किंवा बदलतो.

पदोन्नतीच्या वेळी मागील काही वर्षांचे अहवाल पाहिले जातात, त्यामुळे एका ओळीचे ओझे वर्षानुवर्षे राहते. पूर्वी फक्त प्रतिकूल शेरा कळवला जाई. ‘चांगला’ ही प्रतवारी प्रतिकूल नाही, म्हणून ती कळत नसे. मात्र पदोन्नतीला ‘अतिशय चांगला’ लागत असेल, तर तीच आड येई. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील कार्यकारी अभियंता देव दत्त यांचे असेच झाले. १९९३-९४ च्या एका ‘चांगला’ नोंदीने त्यांची बढती अडली आणि ती नोंद त्यांना कधी दाखवलीच गेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला, की चांगली-वाईट कोणतीही नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. तोवर ते निवृत्त झाले होते. २००९ पासून केंद्र सरकारच्या सेवेत पूर्ण अहवाल दाखवला जातो आणि त्यावर निवेदन देण्यास १५ दिवस मिळतात.

कामावरचे मन उडते ते कमी प्रतवारीपेक्षा ती का मिळाली हे न कळल्याने. कारण ठाऊक नसले, की माणूस काम सुधारण्याऐवजी साहेबांची मर्जी सांभाळू लागतो, नाहीतर नेमून दिले तेवढेच करू लागतो. पण नुसते कळवणेही पुरत नाही. क्लुगर आणि डीनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. अभिप्रायाने काम सरासरीने सुधारले होते, तरी एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते उलट खालावले होते. विशेषतः अभिप्रायाचा रोख कामावरून माणसावर गेला, की त्याचा उपयोग घटतो. ‘तीन प्रकरणे मुदतीनंतर निकाली काढली’ या शेऱ्यावर काही करता येते. ‘वृत्ती समाधानकारक नाही’ याचे कर्मचाऱ्याने करायचे काय?

अहवाल उघड झाल्यावर वाद नको म्हणून सरसकट वरची प्रतवारी देण्याकडे कल वाढतो. ज्याने वर्षभर राबून थकीत प्रकरणे संपवली, त्याला शेजारच्या टेबलाइतकेच गुण मिळतात आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो जादा फाइल मागून घेत नाही.