लोकर आणि सुती कापड एकाच गोधडीत चालतं

जुने स्वेटर सुती कापडाला जोडले की पहिल्याच धुण्यात गोधडी आकसते, असं सर्रास सांगितलं जातं. दोष मिश्रणाचा नाही, न धुता कापलेल्या लोकरीचा आहे. स्वेटर आधी मशीनमध्ये गरम पाण्यात साबण घालून घुसळा. विणीचे टाके दिसेनासे झाले आणि कापलेली कड उसवेना, की आटणं जवळजवळ संपलं. अ‍ॅक्रिलिक आणि ‘सुपरवॉश’ (मशीनमध्ये आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली) लोकर मात्र अशी घट्ट होत नाही. तिला मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावा (अ‍ॅक्रिलिकला इस्त्री कोमटच, ते वितळतं), नाहीतर तुकडा ताणून वेडावाकडा होतो. सुती कापडही धुऊनच घ्या.

माया (शिवणीबाहेर सोडलेली कड) १ सेंमी, टाक्याची लांबी ३ ते ३.५ मिमी, सुई १०० नंबरची. माया दोन्हीकडे उघडून दाबा. एकाच बाजूला वळवली तर चार तुकडे मिळतात तिथे जाड गाठ होते आणि सुई मोडते. तयार गोधडी गार पाण्यात, न घुसळता धुवायची.