जास्त लोकांबरोबर काम केलं की जास्त पेपर निघतात का? थोडी पार्श्वभूमी

हल्ली जो तो संशोधकांच्या मागे 'कोलॅबरेशन वाढवा' म्हणून लागलेला असतो, पण हे खूळ तसं जुनंच आहे.

डेरेक डी सोला प्राइस म्हणून एक भौतिकशास्त्रवाला होता. सिंगापूरला शिकवायला असताना त्याने रॉयल सोसायटीच्या जर्नलचे जुने खंड घरी आणले, दहा-दहा वर्षांचे गठ्ठे करून भिंतीला लावून ठेवले आणि बघतो तर गठ्ठ्यांची उंची ठरावीक काळाने दुप्पट होत चाललेली, मग त्याला विज्ञानच मोजायचा नाद लागला. १९६६ मध्ये त्याने आणि बीव्हरने अमेरिकेतल्या एनआयएचचा (सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) एक ग्रुप तपासला. पेशीत ऊर्जा कशी तयार होते यावर काम करणारी ही मंडळी, छापायच्या आधीच आपापले मेमो एनआयएचला पाठवायची आणि तिथून कॉप्या काढून सगळ्यांना पोस्टाने जायच्या, म्हणजे आजच्या प्रीप्रिंटचा (जर्नलमध्ये छापून येण्याआधीच सगळ्यांना वाचायला दिलेला पेपर) आजोबाच म्हणा ना. त्यात दिसलं की सगळ्यात जास्त लिहिणारा माणूस तोच, ज्याचे सहलेखकही सगळ्यात जास्त.

झालं, सगळ्यांनी हेच धरून ठेवलं. गणितज्ञ पॉल एर्डिशचं उदाहरण तर हाताशी होतंच, १५०० च्या आसपास पेपर आणि ५०० च्या वर सहलेखक. २००१ मध्ये न्यूमन या भौतिकशास्त्रज्ञाने मोठे डेटाबेस घेऊन कोणी कोणाबरोबर लिहिलंय याची जाळीच मांडली.

पण खरी गोम मोजण्यात आहे. पाच जणांनी मिळून एक पेपर लिहिला तर प्रत्येकाच्या खात्यात एक धरायचा की एक पंचमांश? २००५ मध्ये ली आणि बोझमन यांनी अमेरिकेतल्या ४४३ संशोधकांवर दोन्ही प्रकारे हिशोब केला. पूर्ण एक धरला तर सहकार्याचा फायदा मस्त दिसतो, वाटून धरला की तो जवळपास गायब! मला तरी हाच सगळ्यात कामाचा अभ्यास वाटतो, कारण २०१५ च्या हिग्ज या मूलभूत कणाच्या वस्तुमानावरच्या पेपरला ५१५४ लेखक होते (आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे लोकही त्यात), ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावं आणि संस्था, आता हा पेपर कोणाच्या खात्यात किती टाकणार?

बरं, हुशार लोकांकडेच सगळे जातात की सगळे आल्यामुळे माणूस जास्त लिहितो, हेही कळत नव्हतं. त्यावर अर्थतज्ज्ञ अझुले आणि मंडळींनी २०१० मध्ये जरा विचित्र मार्ग काढला, अकाली वारलेले ११२ नामवंत जीवशास्त्रज्ञ घेतले आणि त्यांच्या सहलेखकांचं पुढे काय झालं ते बघितलं. काम ५ ते ८ टक्क्यांनी घटलं, आणि ते कायमचंच. मग २०१९ मध्ये त्याच अझुलेने उलटी बाजू तपासली तर त्या मोठ्या माणसाबरोबर कधीच न लिहिलेल्या बाहेरच्यांचे त्या विषयातले पेपर सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेले निघाले.