ठिसूळ हाडांचा उपचार: एकेकटीने की गटात?

हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं की डॉक्टर बऱ्याचदा अ‍ॅलेंड्रोनेट नावाची गोळी लिहून देतात. आठवड्यातून एकदाच घ्यायची, पण नियम कडक. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. पुढचा अर्धा तास चहा नाही, दूध नाही, दुसरं औषध नाही आणि आडवं व्हायचं नाही. हे औषध आतड्यातून इतकं कमी शोषलं जातं, की सगळे नियम पाळूनही गोळीचा शंभरावा भागसुद्धा रक्तात पोहोचत नाही. कॉफीबरोबर घेतली तर त्यातलंही निम्म्याहून जास्त वाया जातं. सोबत कॅल्शियमची गोळी घेतली तर औषध त्या कॅल्शियमलाच चिकटून तसंच बाहेर पडतं. आणि गोळी घेऊन लगेच पाठ टेकली तर ती अन्ननलिकेत रेंगाळून तिथे व्रण करू शकते.

हे सगळं गुहागर किंवा देवगडकडच्या एखाद्या वाडीतल्या पासष्टीच्या बाईला समजावून सांगायला किती वेळ लागेल? पाच मिनिटांत तर होणार नाही. तालुक्याच्या दवाखान्यात तिच्यामागे रांग उभी असते. तिचं निम्मं लक्ष परतीच्या एसटीकडे असतं. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, औषधं देणारा "आठवड्याला एक, उपाशीपोटी" एवढंच सांगतो. घरी सकाळ चहाने सुरू होते, गोळी त्या चहाबरोबर जाते. महिन्याभरात छातीत जळजळ सुरू झाली की उरलेली पाकिटं फडताळात पडून राहतात.

मुळात हा आजार औषध सोडून द्यावंसं वाटावं असाच आहे. हाड जिवंत असतं, सतत बदलत असतं. कोकणात पावसाआधी घर शाकारतात, फुटकी कौलं काढून तिथे नवी बसवतात, तशी हाडांची शाकारणी बारा महिने चालू असते. काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, त्यांच्यामागून दुसऱ्या पेशी नवं भरत जातात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी असा बदलला जातो. तिशीच्या आसपासपर्यंत भरणं वरचढ असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं संप्रेरक घटतं, खरवडणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो आणि पुढच्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांचा पाचवा हिस्सासुद्धा झिजून जातो. या काळात दुखत काहीच नाही. मणका दबून चपटा झाला तरी तीनातल्या दोघांना पत्ता लागत नाही. कंबर धरली म्हणून बाम चोळला जातो, वय झालं म्हणून सोडून दिलं जातं. मग एके दिवशी शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. खुबा मोडलेल्या वयस्कर माणसांपैकी पाचातलं एक तरी वर्षभरात दगावतं. जे वाचतात त्यांच्यातले अनेक पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत.

म्हणजे औषध घेऊन बरं वाटत नाही आणि सोडून वाईटही वाटत नाही. या गोळ्या सुरू करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक वर्षाच्या आत त्या बंद करतात, असं अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. म्हणूनच गटाच्या दवाखान्याकडे गांभीर्याने बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

गटाचा दवाखाना म्हणजे आरोग्य शिबिर नव्हे, भाषणही नव्हे. एकच आजार असलेले आठ-दहा रुग्ण, एक डॉक्टर आणि सोबत नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट तास-दीड तास एकत्र बसतात. डॉक्टर प्रत्येकाची तपासणी आणि विचारपूस आळीपाळीने करतात, पण बाकीच्यांसमोर. कल्पना जुनी आहे. बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी १९०५ साली क्षयाच्या गरीब रुग्णांचे असे वर्ग सुरू केले होते. ज्यांना सॅनिटोरियम, म्हणजे क्षयरोग्यांनी राहून उपचार घ्यायचं रुग्णालय, परवडत नव्हतं ते घरीच राहून उपचार घेत आणि आठवड्यातून एकदा आपली नोंदवही घेऊन वर्गाला येत.

हाडांच्या बाबतीत डेन्मार्कचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. तिथे ३०० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग केले. एका भागाला चार आठवड्यांत मिळून १२ तास गटात शिकवलं, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. दोन वर्षांनी औषध नीट घेणाऱ्यांचं प्रमाण गटात ९२ टक्के निघालं, दुसरीकडे ८० टक्के. २०१० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात काचबिंदूच्या १००० रुग्णांवर असाच प्रयोग झाला. काचबिंदूही न दुखता नजर नेणारा आजार, औषधाचे थेंब जन्मभर घालायचे. पाच-पाच जणांच्या गटात तपासलेल्या रुग्णांना आजाराची माहिती जास्त राहिली, त्यांनी औषधंही अधिक नियमित घेतली. त्यांनी डॉक्टरांना प्रश्नही जास्त विचारले. चारचौघांत माणसं गप्प बसतील अशी आपली समजूत असते, तिथे घडलं उलटंच.

याचं कारण मला पटतं. बैठकीत एखादी धीर करून विचारते, "गोळी चायवांगडा घेतली तर चलात?" (चहाबरोबर घेतली तर चालेल?) तेव्हा उत्तर तिला एकटीला मिळत नाही. शेजारच्या दोघी-तिघी तेच करत असतात आणि त्यांना हे विचारायचं असतं हेच ठाऊक नसतं. शिवाय कधीच हाड न मोडलेल्या बाईच्या बाजूला खुब्यात सळई बसवलेली आजी बसलेली असते. तिच्याकडे बघून जे समजतं ते रिपोर्टातल्या उणे अडीचच्या आकड्यातून समजत नाही. (डेक्सा तपासणीत हाडांची घनता तरुण निरोगी व्यक्तीच्या सरासरीशी ताडून बघतात, जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ, अशी रेघ आखून दिली.)

बऱ्याच गोष्टी तर गटातच चांगल्या जमतात. शाळेच्या पडवीत हे सहज होईल. भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं राहायचं. डोकं भिंतीला टेकत नसेल किंवा तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने घटली असेल, तर मणका दबल्याची शंका घ्यायची आणि एक्स-रे काढायचा. मग चालण्याची परीक्षा. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका मोठा. एक आजी हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही हे सगळ्या बघतात, आणि फिजिओथेरपिस्ट तिला मांड्यांचा व्यायाम शिकवते तेव्हा त्याही शिकतात. ज्यांचा मणका आधीच दबला आहे त्यांनी कमरेत वाकून केर काढायचा नाही, लावणीला उतरायचं नाही, भरलेली कळशी वाकून उचलायची नाही, हे तिथल्या तिथे करून दाखवता येतं.

आहाराचंही तेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. तीळ, कुळीथ, शेवग्याचा पाला, काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे सुके मासे, हे सगळं कोकणच्या घरात आहेच. गोकुळाष्टमीला होणारी शेवग्याच्या पाल्याची भाजी एरवीही का करू नये, यावर बायका आपसांत बोलतील ते डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा जास्त टिकेल. ड जीवनसत्त्व मात्र जेवणातून पुरेसं मिळत नाही. ते त्वचेत उन्हाने तयार होतं. पावसाळ्याचे चार महिने आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे गोळी लागेल का, हे डॉक्टरांनाच विचारायला हवं.

तरीही सगळंच गटावर सोपवावं, असं मी म्हणणार नाही. पहिली भेट एकेकटीचीच हवी. हाडं ठिसूळ होण्यामागे कधी थायरॉइड असतो, कधी किडनीचा आजार, कधी दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही लवकर काढलेले असतील तर झीज लवकर सुरू होते. रात्री लघवीला चार वेळा उठावं लागतं, घरात मारहाण होते, नवरा पितो, यांचाही पडण्याशी संबंध असतो. आपल्या वाडीत सगळे एकमेकांचे नातेवाईक. तिथे सासू आणि सून एकाच गटात बसल्या तर दोघीही खरं बोलणार नाहीत. शहरातल्या अनोळखी गटापेक्षा आपल्याकडे हा धोका मोठा आहे, म्हणून शक्यतो दोन-तीन गावांतल्या बायका मिसळून गट करावा. बैठकीनंतर डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीने बोलायची सोय हवीच. पुरुषांचा गट वेगळा लागेल. जगभरात पन्नाशीपुढच्या पाच पुरुषांपैकी एकाचं हाड ठिसूळपणामुळे मोडतं, पण हा बायकांचा आजार समजून ते तपासायलाच येत नाहीत.

गटाकडे तारखांची वही असावी, हे मी आग्रहाने सांगेन. गोळी सोसत नसलेल्यांना डेनोसुमॅबचं इंजेक्शन देतात, दर सहा महिन्यांनी. ते लांबलं की आवरून धरलेली झीज एकदम उसळते आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात. कोकणातली आई गणपती आटोपले की मुलाकडे मुंबईला जाते आणि तीन-चार महिने तिथेच राहते. तिची तारीख नेमकी त्यात येते. निघण्याआधी वहीत बघून, इंजेक्शनचं नाव आणि तारीख कागदावर लिहून तिच्या पिशवीत ठेवणं, आणि मुलाला फोन करून सांगणं, हे काम गटातली कोणीही करू शकते.