सांताला जादा वेळ देतं कोण: टाइम झोन की टाइम डायलेशन?

सहावीतल्या भाचीचा यंदाचा सिद्धान्त असा: "मावशी, सांता इतका फास्ट पळतो की त्याचा वेळ स्लो होतो. म्हणून त्याला एका रात्रीत सगळी घरं जमतात." आइन्स्टाइन तिच्या कानावर पडलाय हे बरंच झालं, पण तिने दोन गोष्टींची खिचडी केलीय: देशोदेशीची वेगळी घड्याळं (टाइम झोन) आणि वेगामुळे मंदावणारा वेळ (टाइम डायलेशन).

जादा तास मिळतात ते टाइम झोनमुळे. पॅसिफिकमध्ये किरितिमाती नावाचं बेट आहे. कॅप्टन कुक तिथे २४ डिसेंबर १७७७ ला पोचला, म्हणून नाव पडलं ख्रिसमस; 'किरितिमाती' हा त्याच शब्दाचा तिथला अवतार. नाताळची रात्र जगात सगळ्यात आधी इथे होते आणि अमेरिकन समोआत तब्बल २५ तासांनी. नकाशावर ही बेटं तशी शेजारचीच, पण तारीख जिथे बदलते ती रेषा मध्येच वाकडी गेलीय. किरितिमातीत रात्री १० ला सुरुवात आणि समोआत पहाटे ४ ला शेवट धरला, तर हातात ३१ तास येतात. सुरुवात होते तेव्हा आपल्याकडे २४ तारखेच्या दुपारचे दीड वाजलेले. गोव्यात नेवऱ्या तळणं चालू असतं आणि गडी कामाला लागलेला! अट एकच, रात्रीचं बोट धरून पश्चिमेकडे सरकत राहायचं.

यात घड्याळ कुणाचंच मंदावत नाही. टाइम डायलेशनमध्ये मात्र ते खरंच मागे पडतं, पण पळणाऱ्याचं. जीपीएस उपग्रहांची घड्याळं निव्वळ वेगापायी रोज सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. आता सांता प्रकाशाच्या निम्म्या वेगाने सतत पळाला, तर पोरांचे ३१ तास सरेपर्यंत त्याच्या मनगटावर जेमतेम २७ होतील. आणि पहाट तर पोरांच्या घड्याळाने होणार. म्हणजे मोजे भरायला त्याला चार तास कमीच मिळाले की!

फायदा काय तो वयाचा. वर्षाला चार तास वाचले, तर २०० वर्षांत साधारण महिनाभर.

"फक्त महिना?" भाची म्हणाली. "तरीच दाढी पांढरी झाली त्याची."