भाव एकाच फाइलीत: सामायिक चलांची पार्श्वभूमी

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ८,११० झाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी गटाचा हिशेब पायथन या संगणक-भाषेतल्या एका छोट्या प्रोग्रामवर चालतो. काट्याच्या नोंदी एका फाइलीत, पट्टी छापणं दुसरीत, कास्तकारनिहाय गोषवारा तिसरीत. भाव तिन्ही ठिकाणी आकड्यात लिहिलेला. नवा भाव दोन फाइलींत घातला, तिसरी राहून गेली. पट्टीवर एक रक्कम, गोषवाऱ्यात दुसरी. क्विंटलमागे ५८९ रुपयांचा फरक. वर्षभर वावरात राबलेल्या माणसाला असा कागद दाखवताना फार वाईट वाटतं.

अनेक फाइलींना लागणारी, पण बदलत राहणारी किंमत ठेवायची कुठे, हा प्रश्न जुना आहे. १९५८ च्या फोर्ट्रान-२ या संगणक-भाषेत त्यासाठी ‘कॉमन’ आलं. मुख्य प्रोग्राम आणि उपप्रोग्राम स्मृतीचा एकच तुकडा वापरत. मात्र तिथे ओळख नावाने पटत नसे, क्रमाने पटे. एका ठिकाणी आधी भाव मग वजन आणि दुसऱ्या ठिकाणी उलट लिहिलं, तर वजनाच्या जागी भाव वाचला जाई आणि यंत्र त्याबद्दल काही बोलत नसे.

पुढे कुठूनही वाचता-लिहिता येणारे चल, म्हणजे बदलती किंमत धरून ठेवणारी नावं, सर्रास झाले, आणि १९७३ साली विल्यम वुल्फ व मेरी शॉ या संगणकशास्त्रज्ञांनी तेच घातक असल्याचं लिहिलं. आपल्याकडे सामायिक विहिरीवर मोटरीच्या पाळ्या ठरलेल्या नसल्या की काय होतं, ते सांगायला नको. पाणी सगळ्यांनी घेण्याला कोणाची हरकत नसते. माझ्या मते चलांचंही तसंच आहे: वाचणारे कितीही असोत, लिहिणारा एकच हवा.

१९७९ च्या युनिक्स या संगणक-प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचं शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा घेऊन प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम, आलं, आणि त्यात चल पुढे देण्याच्या दोन वाटा होत्या. ‘एक्स्पोर्ट’ केलेला चल पुढे सुरू होणाऱ्या प्रोग्रामला मिळतो, पण प्रत म्हणून. त्याने केलेला बदल मागे परतत नाही. दुसरी वाट साध्या टिंबाची. टिंब देऊन फाइलीचं नाव लिहिलं की ती फाइल चालू शेलमध्येच वाचली जाते आणि तिच्यातले सगळे चल हाताशी येतात. सी शेल नावाच्या दुसऱ्या शेलने याच कामाला ‘सोर्स’ म्हटलं. पीएचपी या वेबच्या भाषेतलं ‘इन्क्लूड’ याच घराण्यातलं.

१९९१ साली आलेल्या पायथनने वेगळी सोय दिली. तिथे फाइल म्हणजे मॉड्यूल. एका चालू प्रोग्राममध्ये ते पहिल्या ‘इम्पोर्ट’ला एकदाच चालतं; नंतर जो मागेल त्याला तेच मिळतं. म्हणून ‘कॉन्फिग’ नावाची फाइल करावी आणि सगळ्यांनी ती आणावी, असं पायथनच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतच सुचवलं आहे. आम्हीही तेच केलं. हमीभाव, ८ टक्क्यांची ओलाव्याची मर्यादा आणि १२ टक्क्यांची कमाल हद्द आता तिथे आहे.

तरी एक खोच उरते. ‘फ्रॉम कॉन्फिग इम्पोर्ट’ लिहून नुसता भाव उचलला, तर त्या क्षणीची किंमत आपल्या फाइलीतल्या नावाला चिकटते. खासगी खरेदीचा भाव दुपारी बदलला आणि कॉन्फिगमध्ये नवा आकडा बसवला, तरी ती फाइल सकाळच्याच भावाने पट्टी काढत राहते. पूर्ण कॉन्फिग आणून, ‘कॉन्फिग.भाव’ असं मध्ये टिंब देऊन दर वेळी तिच्यातूनच भाव वाचला तर असं होत नाही.

पासवर्डसारख्या गोष्टी मात्र या फाइलीत नकोत. लोकांची ॲप चालवून देणाऱ्या हिरोकू या कंपनीच्या मंडळींनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या बारा सूत्रांत अशा सेटिंग्ज कोडबाहेर, परिवेश-चलांत (प्रोग्राम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणाऱ्या चलांत) ठेवायला सांगितलं आहे. ती वाट १९७९ च्या ‘एक्स्पोर्ट’चीच.