आक्रमक होणाऱ्या लहान मुलासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि निरामय विमा: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

मूल भिंतीवर डोकं आपटतं, चावतं, हाताला लागेल ते फेकतं, अर्धा-अर्धा तास शांत होत नाही. अशा घरात कोणीतरी सुचवतंच, ‘यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, काढून घ्या.’ सल्ला बरोबर आहे, पण प्रमाणपत्र रागाचं मिळत नाही, त्यामागच्या निदानाचं मिळतं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक दिव्यांगत्व आणि मानसिक आजार येतात; नुसतं एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, येत नाही. त्यामुळे आधी निदान, मग अर्ज.

निदानासाठी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. तिथली तपासणी मोफत असते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणारं आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही तिथे पाठवतं, पण त्याची वाट पाहू नका. कानाची तपासणी आधी करून घ्या. ऐकू कमी येणारं किंवा बोलता न येणारं मूल कानदुखी, दातदुखी, बद्धकोष्ठ यांनीही असंच बिथरतं, आणि हे हमखास सुटून जातं.

सगळ्यांत मोलाचा कागद तुम्हीच तयार करायचा आहे: दोन-तीन आठवड्यांची नोंदवही. ‘चिडला, खूप त्रास दिला’ असं लिहून डॉक्टरांना काही कळत नाही. असं लिहा: ‘संध्याकाळी 6.40. टीव्ही बंद केला. 25 मिनिटं किंचाळणं, कपाळ फरशीवर सात-आठ वेळा आपटलं, आजीच्या हाताला चावला. अंधाऱ्या खोलीत नेल्यावर शांत.’ आधी काय घडलं, किती वेळ चाललं, इजा काय झाली, शांत कशानं झाला, एवढं आलं पाहिजे. सोबत दोन-तीन व्हिडिओ ठेवा. तपासणीच्या दिवशी मूल नेमकं गप्प बसतं किंवा झोपून जातं, तेव्हा हेच उपयोगी पडतं. स्वमग्नतेसाठीच्या ‘आयसा’ चाचणीत 40 मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. त्यासाठी पालकांशी बोलणंही होतं. 70 पेक्षा कमी गुण आले, तर स्वमग्नता धरली जात नाही. तेव्हा लाजेपोटी त्रास कमी करून सांगू नका.

यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन कार्डाच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, शुल्क नाही. मुलाचं आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा लागतो. निदानाचे कागद, जन्मदाखला आणि पालकाचं आधार जवळ ठेवा. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच हवी. जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं स्पेलिंग असेल, तर आधी ते दुरुस्त करा. अर्ज बहुतेक वेळा इथेच अडकतो. रुग्णालय निवडताना तिथे बालमानसतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ आहे का आणि प्रमाणपत्र देणारं वैद्यकीय मंडळ कुठल्या वारी बसतं, हे विचारून घ्या. नोंदणी क्रमांक आला की अर्जाची छापील प्रत आणि मूळ कागद घेऊन जा. शक्यतो सकाळचा पहिला नंबर घ्या. गर्दीत तीन तास ताटकळलेल्या मुलाची चाचणी नीट होतच नाही.

मंडळ दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवतं: 40 टक्क्यांखाली पांढरं, 40 ते 79 ला पिवळं आणि 80 पासून पुढे निळं कार्ड मिळतं. बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात. महाराष्ट्रात आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या, 25 टक्के जागांसाठीही तेवढंच प्रमाणपत्र लागतं, आणि या गटाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

प्रमाणपत्र हातात आलं की लगेच निरामयचा अर्ज करा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा हा आरोग्य विमा वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत. नावनोंदणी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला 250 रुपये, इतरांना 500. न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत अर्ज करता येतो. मात्र हा विमा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वालाच आहे. प्रमाणपत्रावर फक्त ‘मानसिक आजार’ असेल तर मिळत नाही. थेरपीची मूळ बिलं तारीख, सही, शिक्क्यासह जपा. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं.

लहान मुलांना बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र देतात. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधीच पुन्हा अर्ज करा, कारण प्रमाणपत्र द्यायला रुग्णालयाला तीन महिन्यांपर्यंत मुभा आहे. टक्केवारी पटली नाही, तर कायद्याच्या कलम 59 नुसार अपील करता येतं; त्यासोबत नोंदवहीची प्रत जोडा.