रुपयाचे मूल्य, इंधनदर आणि मोटारबाजार

डॉलरच्या तुलनेत रुपया घसरला की पेट्रोल, डिझेल, सीएनजी महागण्याकडे कल होतो आणि त्याची झळ वाहनांच्या बाजारालाही लागते. भारत गरजेपैकी 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो आणि त्याचे पैसे मुख्यतः डॉलरमध्ये चुकवतो. देशात निघणाऱ्या नैसर्गिक वायूचा भावही डॉलरमध्येच ठरतो, त्यामुळे ‘आपला’ गॅसही यातून सुटत नाही.

एका पिंपात सुमारे 159 लिटर तेल मावते. पिंपाचा भाव 80 डॉलर धरला तर लिटरला अर्धा डॉलर पडतो. म्हणजे डॉलर एका रुपयाने वधारला की नुसत्या कच्च्या तेलाचा खर्च लिटरमागे 50 पैशांनी वाढतो. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असते. महाराष्ट्राच्या मूल्यवर्धित कराचा मोठा भाग मात्र टक्केवारीत असल्याने रुपयाच्या घसरणीवरही कर बसतो.

तेल कंपन्या स्वतःच डॉलरच्या मोठ्या गिऱ्हाईक असल्याने त्यांच्या खरेदीनेही रुपया दबतो. ऑगस्ट 2013 मध्ये डॉलर 68 रुपयांपलीकडे गेला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तीन सरकारी तेल कंपन्यांना डॉलर देण्यासाठी वेगळी खिडकीच उघडली.

पेट्रोलचे दर 2010 मध्ये, तर डिझेलचे 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झाले. जून 2017 पासून ते रोज बदलतात, निदान कागदोपत्री. मुंबईत जुलै 2022 ते मार्च 2024 पेट्रोल लिटरला 106 रुपयांच्या आसपासच खिळून होते. त्या काळात डॉलर 79 वरून 83 रुपयांवर गेला आणि तेल शंभर डॉलरवरून पंचाहत्तरच्या खाली जाऊन आले. मे 2020 मध्ये तेल मातीमोल झाले, तेव्हा केंद्राने पेट्रोलवर 10 व डिझेलवर 13 रुपये शुल्क वाढवले. स्वस्ताई ग्राहकापर्यंत पोचलीच नाही.

मोटारींच्या किमतीत डॉलरइतकेच इतर चलनांनाही महत्त्व आहे. 2011-12 मध्ये येन वधारल्याने जपानी सुट्या भागांवर विसंबलेल्या मारुतीच्या नफ्याला चाट बसली. चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीज-बेंझचा संबंध युरोशी. 2025 मध्ये रुपया युरोपुढे घसरल्याचे कारण देत कंपनीने किमती वाढवल्या. स्वस्त रुपया निर्यातदाराला लाभतो हे खरे, पण घेणाऱ्याचे चलनही टिकायला हवे. नायजेरियाने मे 2023 अखेर पेट्रोलवरील अनुदान काढले, जूनमध्ये आपल्या चलनाचा, नायराचा, दर बाजारावर मोकळा सोडला. इंधन आणि दुचाकी एकदमच महागल्या, आणि पुण्याच्या बजाज ऑटोची तिथली निर्यात आटली.